उणे ऐंशीचं दार उघडण्याआधी: घातक विषाणूंचे नमुने सांभाळणाऱ्या लॅबसाठी

तुमच्या लॅबमधल्या उणे ८० अंशांच्या डीप फ्रीजरच्या सगळ्यात खालच्या रॅकमध्ये, मागच्या अंगाला, बर्फात रुतून बसलेला एक बॉक्स असेल. त्यात काय आहे, हे दार न उघडता सांगता येईल का? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "ते अमुक सरांच्या वेळचं आहे." सरांना निवृत्त होऊन आठ वर्षं झालेली असतात.

१ जुलै २०१४ ला अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या आवारात एक जुनी शीतखोली रिकामी करताना पुठ्ठ्याची खोकी सापडली. आत कापसात गुंडाळलेल्या, लेबलं लावलेल्या ३२७ कुप्या होत्या. कुठे डेंग्यू लिहिलेलं, कुठे इन्फ्लुएन्झा, आणि सहा कुप्यांवर देवी. देवीचं निर्मूलन झाल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. त्यानंतर तो विषाणू अधिकृतपणे फक्त दोन ठिकाणी ठेवला जातो: अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला. ही सापडलेली कुपी-मंडळी १९५० च्या दशकातली. सहापैकी दोन कुप्यांतला विषाणू तपासणीत जिवंत निघाला. साठ वर्षं कुणालाही पत्ता नव्हता.

लॅबमधून विषाणू निसटतो तो असा. वहीत न झालेल्या नोंदीतून, "मारलाय तो" असं धरून चाललेल्या ट्यूबमधून, "कुणाच्या खात्यातून दुरुस्त करायचं" या वादात फुटका राहिलेल्या पाइपमधून. पुढचं सगळं त्याच नजरेने लिहिलं आहे, आणि ते मधल्या फळीतल्या लॅबसाठी आहे: मेडिकल कॉलेजचा विषाणू विभाग, व्हीआरडीएल (विषाणू संशोधन आणि निदान प्रयोगशाळा), संशोधन संस्थेतली बीएसएल-२ किंवा बीएसएल-३ खोली. बीएसएल म्हणजे जैवसुरक्षेची पातळी, एक सगळ्यात साधी आणि चार सगळ्यात कडक. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय विषाणू संस्थेची बीएसएल-४ लॅब २०१२ पासून आहे. तिथली माणसं हवा भरलेले सूट घालतात, बाहेर पडताना रसायनाच्या शॉवरखाली उभी राहतात. त्यांना या लेखाची गरज नाही.

आधी मोजणी

एक शनिवार राखून ठेवा. कोरड्या बर्फाचे (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे) दोन थर्माकोल बॉक्स, थंडीचे हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड आणि दोन माणसं. एकाने काढायचं, दुसऱ्याने लिहायचं. एका वेळी एकच रॅक बाहेर, तोही कोरड्या बर्फावर. बॉक्स उघडून लेबल वाचायचं, व्हायल (नमुन्याची कुपी) उघडायची नाही. प्रत्येक व्हायलला पत्ता द्यायचा: फ्रीजर, रॅक, बॉक्स, घर. नोंदीत विषाणूचं नाव, नमुन्याचा प्रकार (रक्त, घशातला स्वाब, वाढवलेला साठा), तारीख, किती व्हायली, कुणाच्या ताब्यात, आणि तो जिवंत आहे की निष्क्रिय केलेला, हे सगळं यायला हवं. शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर ती व्हायल जिवंत समजायची.

लेबल पुसलेल्या व्हायलींचं काय? "बहुतेक डेंग्यूच असणार" हे वाक्य लॅबमध्ये बोलायला बंदी घाला. ओळख पटत नसेल, तर त्या फ्रीजरमध्ये असू शकेल अशा सगळ्यात वाईट विषाणूची ती आहे असं धरा, वेगळ्या बंद डब्यात ठेवा आणि नष्ट करायच्या यादीत घाला. साध्या मार्करची शाई स्पिरिटच्या बोळ्याने निघून जाते आणि साधा स्टिकर उणे ८० ला गळून पडतो. अतिथंडीसाठी बनवलेली छापील लेबलं महाग वाटतात, पण एका हरवलेल्या साठ्यापेक्षा स्वस्तच पडतात.

मोजणीत एक गोष्ट हमखास निसटते. नमुना एका आजारासाठी घेतलेला असतो आणि आत दुसराच पाहुणा असतो. लहान मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसच्या अभ्यासासाठी जमवलेले शौचाचे जुने नमुने घ्या. पोलिओ फिरत होता किंवा तोंडावाटे डोस दिले जात होते, त्या काळातले ते असतील, तर त्यांत पोलिओचा विषाणू असू शकतो. प्रकार-२ चा रानटी पोलिओ संपल्याचं सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर झालं आणि तेव्हापासून असे नमुने शोधून नष्ट करणं किंवा बंदोबस्तात ठेवणं हा जगभरच्या लॅबना लागू असलेला कार्यक्रम झाला. पोटाच्या विकारांवर काम करणाऱ्याला आपण पोलिओचा साठा बाळगतोय याची कल्पनाही नसते.

धोका विषाणूचा आणि कामाचाही

विषाणूंचे चार गट आणि लॅबच्या चार पातळ्या आपण पाठ केलेल्या असतात. गट तीन म्हणजे बीएसएल-३, असा सरळ हिशोब मांडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या जैवसुरक्षा पुस्तिकेच्या २०२० मधल्या चौथ्या आवृत्तीने हा हिशोब मोडीत काढला. विषाणू कोणता, एवढं विचारून भागत नाही. त्याचं तुम्ही काय करणार आहात, किती प्रमाणात, कोणत्या हातांनी, हेही विचारा. कोविडच्या काळात सगळ्यांनी हे पाहिलं आहे. स्वाबची पीसीआर चाचणी बीएसएल-२ मध्ये चालायची, पण तोच विषाणू पेशींवर वाढवायचा तर बीएसएल-३ लागायची.

आपल्या जवळचं उदाहरण माकडतापाचं. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागात सापडला आणि गेल्या दहा-बारा वर्षांत सिंधुदुर्गात दोडामार्गला आणि गोव्यात सत्तरीला येऊन पोहोचला. जंगलात तो गोचिडीतून येतो. लॅबमध्ये गोचीड नसते, म्हणून निर्धास्त राहाल तर फसाल. लॅबमधल्या माणसांना लागण होण्याबाबत हा विषाणू बदनाम आहे. तालुक्याच्या रुग्णालयातून आलेलं रक्त जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये उघडून लगेच लायसिस बफरमध्ये (विषाणू फोडणाऱ्या द्रावणात) घालणं हे एक काम झालं. तोच नमुना वाढवून बघण्याचा मोह हे दुसरं काम, आणि ते तुमच्या खोलीत करायचं नाही.

प्रत्येक कामासाठी एक पान लिहा: थेंब कुठे उडू शकतात, सुई कुठे वापरली जाते, सेंट्रिफ्यूज कुठे, व्हायल कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जाते. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे हे पान न्या. सहीपुरती समिती असेल तर तुमचं नशीब, पण पान लिहिताना तुम्हालाच चार गोष्टी दिसतात.

लॅमिनार म्हणजे कॅबिनेट नव्हे

इथे थोडं थांबतो, कारण आपल्याकडे काचेची फळी आणि आत पंखा असलेल्या प्रत्येक पेटीला "लॅमिनार" म्हणायची पद्धत आहे. लॅमिनार फ्लो बेंच गाळलेली हवा कामावरून सरळ तुमच्या तोंडावर सोडतो. त्याने वाचतो तो नमुना, माणूस नव्हे. टिश्यू कल्चरचं माध्यम भरायला तो उत्तम. विषाणू त्यावर उघडला, तर तो तुमच्या नाकापर्यंत पोहोचवायचं काम यंत्रच करतं. विषाणूसाठी लागतं ते जैवसुरक्षा कॅबिनेट, बहुतेक लॅबमध्ये वर्ग-२ चं. त्यात पुढच्या जाळीतून हवा साधारण अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाने आत ओढली जाते आणि बाहेर जाणारी हवा हेपा गाळणीतून जाते. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण ही गाळणी अडवते. खरेदीच्या कागदावर कोणतं नाव आहे ते आजच बघा. एका ठिकाणी वर्षभर स्वाबच्या ट्यूब लॅमिनारवर उघडल्या जात होत्या, आणि सगळ्यांना वाटत होतं आपण हुडमध्ये काम करतोय.

तुमच्या आणि विषाणूच्या मध्ये फक्त हवेचा पडदा असतो. तो कशाने फाटतो? डोक्यावरच्या सिलिंग फॅनने, समोर लागलेल्या एसीच्या झोताने, मागून कुणी "चहा?" म्हणत दार उघडून गेल्याने. हात घाईने आत-बाहेर केल्यानेही फाटतो. म्हणून कॅबिनेट दारापासून लांब ठेवा, फॅन बंद ठेवा आणि काम चालू असताना त्याच्यामागून येणं-जाणं नको.

कामाची रीत अशी. पंखा चालू करून पाच मिनिटं थांबा. टिश्यू पेपरची पट्टी काचेच्या खालच्या कडेला धरा. ती आत ओढली गेली पाहिजे. लागणारं सगळं सामान आधीच आत ठेवा, म्हणजे मध्येच हात बाहेर काढावा लागत नाही. पुढची जाळी मोकळी ठेवा. वही आणि मोबाइल ठेवायची जागा ती नव्हे. काम जाळीपासून किमान दहा सेंटिमीटर आत. एका बाजूला स्वच्छ सामान, मध्ये काम, दुसऱ्या बाजूला मळकं, आणि कचऱ्याचा डबाही आतच. हात आत घातल्यावर मिनिटभर थांबा, हवा बसू द्या. बर्नर पेटवायचा नाही, ज्योतीने प्रवाह विस्कटतो आणि गाळणीला धोका होतो. निळ्या अतिनील दिव्यावर भरवसा ठेवायचा नाही. तो पृष्ठभाग पुसण्याचं काम करू शकत नाही, आणि दिवा जुना झाला की नुसता निळा दिसतो.

वर्षातून एकदा, आणि कॅबिनेट जागेवरून हलवलं की लगेच, प्रमाणित तपासणी करून घ्या. निविदा अडकली, म्हणून तपासणीची तारीख उलटलेलं कॅबिनेट "चालतंय की" म्हणून वापरू नका.

खोलीबद्दल थोडक्यात

बीएसएल-३ मध्ये हवा बाहेरून आत, स्वच्छ भागातून मळक्या भागाकडे वाहायला हवी. दोन दारं एका वेळी उघडायची नाहीत. दाबाचा आकडा भिंतीवर दिसतो, तो आत जाण्याआधी बघा आणि वहीत लिहा. वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, की दाब उलटतो. तेव्हा काय करायचं याची कवायत उन्हाळ्यात, भारनियमन सुरू होण्याआधी करा. व्हायल बंद, कॅबिनेटची काच खाली, शांतपणे बाहेर.

आणि जमिनीखालचंही बघा. इंग्लंडमध्ये पिरब्राइटला लाळ्या-खुरकुताच्या विषाणूवर काम करणाऱ्या लॅब एकाच आवारात आहेत. २००७ च्या ऑगस्टमध्ये त्या आवाराजवळच्या गुरांना त्याच रोगाची लागण झाली. लॅबमधले हुड आणि हेपा ठीक होते. आवारातली सांडपाण्याची जुनी वाहिनी गळत होती, तिचं झाकण नीट नव्हतं, जोराच्या पावसाने माती दूषित झाली आणि बांधकामाच्या गाड्यांच्या चाकांना लागून ती बाहेर गेली. वाहिनी दुरुस्त कुणी करायची, यावर आवारातल्या संस्थांमध्ये आधीपासून घोळ चालला होता.

थंडीतले नियम

डीप फ्रीजर वेगळ्या, कुलूपबंद खोलीत हवा. किल्ली ठरावीक लोकांकडेच, आणि घातक विषाणूचा बॉक्स काढताना दोन माणसं हजर हवीत. फ्रीजरच्या दारावर विषाणूंची यादी चिकटवायची नाही. जैवधोक्याचं चिन्ह आणि जबाबदार व्यक्तीचा फोन पुरेसा आहे. यादी कुलपात आणि तिची एक प्रत दुसऱ्या इमारतीत.

तापमानाचा इशारा नुसता खोलीत पिंपिं करून उपयोगाचा नाही. तो रात्री कुणाच्या तरी फोनवर गेला पाहिजे. गणपतीच्या सुट्टीत लॅब ओस असते, आणि फ्रीजर नेमके तेव्हाच बंद पडतात. एक फ्रीजर रिकामा, चालू, उणे ८० ला तयार ठेवा. खरेदी समितीला हे पटवणं अवघड जातं, पण एकदा चारशे व्हायली पाण्यात तरंगताना पाहिल्या की पटतं. त्या विरघळलेल्या व्हायली उघडतानाही सगळं कॅबिनेटमध्येच करायचं, कारण थंडीत सैल झालेली झाकणं गळतात. रबरी कडीचं, आट्याचं झाकण असलेल्या प्लास्टिकच्या क्रायोव्हायलीच घ्या. काचेच्या ॲम्प्युल आता कुणी नव्याने वापरू नये.

द्रव नायट्रोजनचे धोके निराळे. उणे १९६ ला द्रवात बुडालेल्या व्हायलीत फटीतून नायट्रोजन शिरतो, बाहेर काढल्यावर त्याचा वायू होतो आणि व्हायल फुटते. आतला विषाणू मग चेहऱ्यावर. म्हणून व्हायली द्रवाच्या वर, वाफेत ठेवा आणि काढताना शील्ड लावा. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. बंद खोलीत तो प्राणवायूला हुसकावून लावतो, आणि त्याला ना वास ना रंग. प्राणवायूचं मीटर लावा. टाकी लिफ्टने न्यायची असेल, तर लिफ्टमध्ये टाकी एकटीच जाईल. माणूस जिन्याने.

"मारलाय तो"

बीजिंगमध्ये २००४ च्या वसंतात सार्सची साथ लॅबमधून पुन्हा सुरू झाली. आजारी पडलेले संशोधक जिवंत विषाणूवर काम करतच नव्हते. निष्क्रिय केलेला म्हणून जो साठा साध्या लॅबमध्ये आणला होता, तो पुरता निष्क्रिय झालेला नव्हता. नऊ जणांना लागण झाली आणि एका संशोधक विद्यार्थिनीच्या आईचा जीव गेला. २०१५ मध्ये अमेरिकी लष्कराच्या डगवे इथल्या केंद्रातून मेलेला म्हणून पाठवलेला अँथ्रॅक्स जिवंत निघाला. तो जिवाणू, हा विषाणू, चूक एकच.

म्हणून निष्क्रिय करण्याची पद्धत कागदावरून उचलून वापरू नका. रसायन किती, किती वेळ, कोणत्या तापमानाला, आणि मुख्य म्हणजे कशात: रक्तात, थुंकीत की माध्यमात? प्रथिनं जास्त असली की रसायन अपुरं पडतं. ट्यूबच्या झाकणाखाली, काठावर जो थेंब राहतो, त्याला रसायन लागतच नाही. पद्धत तुमच्याच खोलीत पडताळून घ्या, आणि पडताळणीचं काम योग्य पातळीच्या लॅबमध्येच करा. निकाल येईपर्यंत ट्यूब मूळ खोलीतून हलणार नाही. हलवताना दोन सह्या: करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. झाकणांचे रंग वेगळे ठेवा, जिवंत लाल, निष्क्रिय हिरवं. हिरवं झाकण पडताळणीनंतरच.

सिंगापूरला २००३ मध्ये वेस्ट नाईल विषाणूवर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याला सार्स झाला. त्याच्या नमुन्यातच सार्सची भेसळ होती. एका दिवशी, एका कॅबिनेटमध्ये एकच विषाणू.

सांडलं तर

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तैवानच्या एका संशोधकाला बंद कक्षात कचऱ्याची पिशवी गळताना दिसली. परिषदेसाठी सिंगापूरला जायची घाई होती. त्याने अल्कोहोल फवारलं, थोडा वेळ थांबला आणि कक्ष उघडून हाताने पुसून घेतलं. नंतर तापला. निघालं सार्स.

कॅबिनेटच्या आत सांडलं तर पंखा चालूच ठेवा. सांडलेल्यावर कागदी टॉवेल टाका, त्यावर कडेकडून मध्याकडे १ टक्का हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ओता, ३० मिनिटं थांबा, चिमट्याने उचला, पुन्हा पुसा, शेवटी पाण्याने पुसा, नाहीतर स्टीलला गंज धरतो. अल्कोहोल लवकर उडून जातं आणि पोलिओसारख्या विनाआवरण (चरबीचं बाहेरचं आवरण नसलेल्या) विषाणूंवर फारसं चालत नाही.

कॅबिनेटच्या बाहेर सांडलं तर शूरपणा नको. सगळ्यांनी श्वास रोखून बाहेर पडायचं, दार लावायचं, दारावर पाटी लावायची आणि किमान अर्धा तास आत जायचं नाही. अंगावर उडालं असेल तर कपडे तिथेच पिशवीत. मग दोन जणांनी पूर्ण पीपीई आणि एन-९५ घालून आत जायचं. काचा हाताने उचलायच्या नाहीत.

हायपोचा हिशोब भिंतीवर लावा. बाटली ४ टक्क्यांची असेल तर एक भाग हायपो, तीन भाग पाणी. ५ ची असेल तर एकास चार, १० ची असेल तर एकास नऊ. रोज सकाळी ताजं. उन्हात आणि उकाड्यात ते उतरतं. पारदर्शक कॅनमध्ये खिडकीत ठेवलेल्या हायपोला महिनाभराने फक्त वास उरतो.

कचरा आणि मावशी

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सूक्ष्मजीव लॅबचा कचरा आधी जागेवरच निर्जंतुक करावा लागतो, मग पिवळ्या पिशवीतून जातो. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंश, १५ पौंड. वेळ भारावर ठरते. पिशवी ठासून भरू नका, तोंड घट्ट बांधू नका, आत थोडं पाणी घाला, वाफ आत गेली पाहिजे. पिशवीवर चिकटवलेला टेप काळा पडला, तर तो फक्त बाहेर उष्णता पोहोचल्याचं सांगतो. आठवड्यातून एकदा भाराच्या मधोमध जिवाणूबीजाणूंची चाचणीपट्टी ठेवा. मध्येच वीज गेली तर आवर्तन पहिल्यापासून. हायपो घातलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये जात नाही, क्लोरीन वायू सुटतो.

पिशव्या उचलणाऱ्या मावशी आणि ऑटोक्लेव्ह चालवणारे मामा यांना प्रशिक्षण मराठीत आणि हातात वस्तू देऊन द्या. इंग्रजी पीपीटी दाखवून सही घेणं म्हणजे प्रशिक्षण नाही. सुई कचऱ्यात कुणी टाकली हे त्यांनाच पहिल्यांदा कळतं, टोचल्यावर.

पाठवताना

तीन थर: गळती न होणारी व्हायल, शोषक कागदासह गळतीरोधक दुसरा डबा, आणि टणक बाहेरचा खोका. रुग्णाचे रोगनिदानाचे नेहमीचे नमुने यूएन ३३७३ या वाहतूक क्रमांकाखाली, माणसाला जीवघेणे ठरणारे वर्ग-अ चे यूएन २८१४ खाली. कोरडा बर्फ नेहमी दुसऱ्या डब्याच्या बाहेर, आणि बाहेरचा खोका वायू सुटेल असा. हवाबंद केलात तर फुटेल. पलीकडच्या माणसाला आधी फोन करा, पोहोचल्याचा निरोप घ्या. शुक्रवारी दुपारी काहीही पाठवू नका.

माणसं

सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, तोंडात धरू नका. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं पाण्याने धुवा. मग लगेच कळवा, रात्री दोन वाजले असले तरी. २००४ मध्ये कोल्त्सोवोला इबोलाची सुई टोचून एका संशोधिकेचा मृत्यू झाला. तिथली तयारी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होती. शक्य तिथे सुई वापरूच नका.

कामाला लागताना प्रत्येकाचं थोडं रक्तद्रव पुढे तुलना करता यावी म्हणून साठवा, लागू असलेल्या लसी द्या आणि खिशात ठेवायला कार्ड द्या: मी अमुक विषाणूंच्या लॅबमध्ये काम करतो, ताप आल्यास या नंबरवर कळवा. बर्मिंगहॅमला १९७८ मध्ये देवीच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या जॅनेट पार्कर या छायाचित्रकार बाईंना देवी झाली. पुरळ आधी साधं समजलं गेलं. ११ सप्टेंबरला त्या गेल्या. त्या विषाणूवर काम करत नव्हत्या, म्हणून कार्ड वरच्या मजल्यालाही द्यावं लागतं.

टोचलं हे सांगणाऱ्याला ओरडणारा प्रमुख असेल, तर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही. हे मी दोन ठिकाणी पाहिलं.

काय ठेवायचं नाही

वर्षातून एकदा यादी घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीपुढे विचारा, हे आपल्याला का हवंय? "कधीतरी लागेल" हे उत्तर ग्राह्य नाही. हवं असेल पण सांभाळायची सोय नसेल, तर परवानगी घेऊन योग्य पातळीच्या केंद्राकडे पाठवा. नको असेल तर व्हायली न उघडता, बंद डब्यात ऑटोक्लेव्हपर्यंत न्या, आत वाफ शिरेल असं डब्याचं झाकण सैल करा आणि ऑटोक्लेव्हमधून काढा. चाचणीपट्टीचा निकाल आल्यावर नोंदीत "नष्ट" लिहा, तारीख आणि दोन सह्या. ओळ खोडायची नाही, पान फाडायचं नाही.

अटलांटा आणि कोल्त्सोवोतला देवीचा साठा नष्ट करायचा की नाही, यावर जागतिक आरोग्य संघटनेत कित्येक दशकं चर्चा चालू आहे. सरांच्या वेळच्या त्या खालच्या बॉक्ससाठी तुम्हाला जिनिव्हाची वाट बघायची नाही. शनिवार रिकामा आहे का, ते बघा आणि कोरडा बर्फ गुरुवारीच सांगून ठेवा. आयत्या वेळी मिळत नाही.